रिकाम्या केलेल्या रानातलं नंदनवन

सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये जॉन ग्लोव्हरचं एक तैलचित्र आहे, ‘नेटिव्ह्ज ऑन द ऊझ रिव्हर, व्हॅन डीमेन्स लँड’. साल १८३८. निळसर टेकड्यांच्या पायथ्याशी एक नदी, काठावर नागमोडी फांद्यांची निलगिरीची झाडं, त्यांतून गाळून आलेला मधासारखा पिवळा उजेड. नदीकाठी टास्मानियाची मूळ माणसं, आकाराने अगदी लहान. कोणी पाण्यात डुंबतंय, कोणी काठावर रेंगाळतंय. कुणाला घाई नाही, कसली धास्ती नाही. कुंपण नाही, मेंढरं नाहीत, चुलीच्या धुराड्याचं घर नाही, आणि गोरा माणूस तर औषधालाही नाही. सुट्टीच्या दिवशी सगळं गाव नदीवर लोटावं, तसा थाट.

चित्र पाहताना मन निवतं, यात वाद नाही. ग्लोव्हर कसलेला चितारी होता. अडचण तारखेत आहे. १८३८ साली ऊझच्या काठावर तिथल्या मूळ लोकांपैकी एकही जण उरलेला नव्हता. ही नदी ज्यांच्या मुलखातून वाहायची त्यांना इंग्रज ‘बिग रिव्हर’चे लोक म्हणत. त्यांतले वाचलेले शेवटचे मूठभर सहा वर्षांपूर्वीच जहाजात घालून समुद्रापलीकडच्या एका वारेमाप वाऱ्याच्या बेटावर पाठवले गेले होते. म्हणजे ग्लोव्हरने डोळ्यांसमोरचं काही रंगवलं नव्हतं. गोरे येण्याआधीचा एखादा दिवस कसा असेल, याची कल्पना त्याने केली, आणि ती कल्पना त्याने तो दिवस कायमचा संपल्यावर केली.

तो दिवस कसा संपला, ते आधी सांगायला हवं.

आज टास्मानिया म्हणतात त्या बेटाचं तेव्हाचं नाव व्हॅन डीमेन्स लँड. इंग्रजांनी तिथे पहिला तळ ठोकला तो १८०३ साली, डरवेंट नदीकाठी रिझ्डन कोव्ह इथे. पुढच्याच वर्षी, १८०४च्या ३ मे रोजी, शिकारीच्या निमित्ताने आलेल्या मूळ लोकांच्या मोठ्या जमावावर तिथल्या सैनिकांनी बंदुका आणि एक छोटी तोफ डागली. तरी पहिली पंधरा-वीस वर्षं गोरी वस्ती तुरळक होती. कैदी, सील मारणारे दर्यावर्दी, थोडे शेतकरी, इतकीच. खरा बदल घडवला तो लोकरीने. इंग्लंडच्या गिरण्यांना लोकर हवी होती, आणि बेटाच्या मधल्या पट्ट्यात मोकळी गवताळ कुरणं पसरलेली होती. भांडवल घेऊन येणाऱ्याला सरकार फुकट जमीन देत होतं. १८३० सालापर्यंत गोऱ्यांची संख्या सुमारे २३ हजारांवर गेली. ज्या कुरणांवर मेंढरं सोडली, तीच कांगारूंच्या शिकारीची राखलेली रानं होती. तिथून ज्यांना हुसकावलं ते लढले.

या लढाईला ‘ब्लॅक वॉर’ म्हणतात. साधारण १८२४ ते १८३१. एका बाजूला भाले आणि काठ्या, दुसऱ्या बाजूला बंदुका. मूळ लोक दिवसा एकाकी झोपड्यांवर छापे घालत, गोरे रात्री शेकोट्यांच्या उजेडाचा माग काढून तळांवर चालून जात. दोनशेहून जास्त वसाहतवाले मारले गेले. मूळ लोकांतल्या मृतांची नोंद कोणी ठेवली नाही. इतिहासकारांचा अंदाज त्याच्या तिप्पट-चौपट जातो. नोव्हेंबर १८२८मध्ये गव्हर्नर जॉर्ज आर्थरने लष्करी कायदा पुकारला. १८३०मध्ये जिवंत पकडलेल्या मोठ्या माणसामागे पाच पौंड आणि मुलामागे दोन पौंड असं इनाम लागलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सुमारे २,२०० माणसं, त्यांत सैनिक, शेतकरी, कैदी सगळे, हाकाऱ्यांसारखी ओळ करून जंगलं तुडवत निघाली. मूळ लोकांना एका द्वीपकल्पाच्या चिंचोळ्या तोंडाकडे रेटत न्यायचं, असा बेत. ही ‘काळी रेषा’ जवळजवळ सात आठवडे चालली, तीस हजार पौंडांचा चुराडा झाला, आणि हाती लागले दोन जण, एक पुरुष आणि एक मुलगा. आणखी दोघे मारले गेले. बाकीचे ओळीतल्या फटींमधून रातोरात निसटले.

हा आर्थर मराठी वाचकाला अगदीच परका नाही. व्हॅन डीमेन्स लँडनंतर तो अप्पर कॅनडात गेला, आणि १८४२ ते १८४६ मुंबईचा गव्हर्नर होता. कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी १८४४मध्ये सामानगडावर बंड केलं आणि ते पन्हाळ्यापर्यंत पेटत गेलं, तेव्हा मुंबईच्या गादीवर हाच गृहस्थ बसलेला होता. साम्राज्याचे अधिकारी असे एका मुलखाचा अनुभव गाठीला बांधून दुसऱ्या मुलखात जात.

काळी रेषा फसली, तरी लढणाऱ्यांची ताकद संपत आली होती. जे दोन हजारांना जमलं नाही, ते जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन नावाच्या एका बांधकाम कारागिराने केलं. मोठ्या धर्मभावनेचा, तितकाच महत्त्वाकांक्षी माणूस. त्याच्यासोबत मूळ लोकांतलेच वाटाडे होते, त्यांत ट्रुगानिनी ही तरुण स्त्री. ३१ डिसेंबर १८३१ रोजी मध्यपठारावर लेक एकोजवळ त्याने बिग रिव्हर आणि ऑयस्टर बे या दोन जमातींच्या एकत्र टोळीला गाठलं. शेकडो योद्धे असतील अशी गोऱ्यांची समजूत. निघाले फक्त २६ : सोळा पुरुष, नऊ बायका, एक मूल. त्यांचे म्होरके टाँगरलाँगेटर आणि माँटपेलिआटा. टाँगरलाँगेटरचा एक हात बंदुकीच्या गोळीने गेलेला होता. १८३२च्या ७ जानेवारीला हे २६ जण, हातात भाले आणि मागे शंभरेक कुत्री, होबार्टच्या रस्त्यांवरून चालत गव्हर्नरच्या बंगल्यावर गेले. ज्यांच्या धाकाने गावोगाव झोप उडाली होती ते इतकेच, हे पाहायला सगळं शहर लोटलं. काही दिवसांतच त्यांची रवानगी बास सामुद्रधुनीतल्या फ्लिंडर्स बेटाकडे झाली. पुन्हा आपल्या मुलखात आणू, असा शब्द रॉबिन्सनने दिला होता, असं त्या लोकांचं म्हणणं होतं. तो पाळला गेला नाही.

जॉन ग्लोव्हर त्या सुमारास होबार्टमध्येच होता.

तो तिथे कसा पोचला, हीही एक अजब गोष्ट. १७६७ साली लेस्टरशरमधल्या एका शेतकरी घरात जन्मलेला हा माणूस. अंगाने धिप्पाड, पावलं जन्मतःच वाकडी. आधी शाळेत हस्ताक्षर शिकवायचा, मग जलरंगांत रमला, आणि लंडनमध्ये त्याने इतकं नाव कमावलं की लोक त्याला ‘इंग्लिश क्लॉद’ म्हणू लागले. क्लॉद लोरें हा सतराव्या शतकातला फ्रेंच निसर्गचित्रकार, सोनेरी संध्याकाळींचा बादशहा. ग्लोव्हर जलरंगचित्रकारांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला, पॅरिसच्या सलोनमध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं, लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर स्वतःचं प्रदर्शन मांडून तो बसला. आणि मग, लोक निवृत्तीला लागतात त्या वयात, त्याने जहाज पकडलं. मुलं आधीच व्हॅन डीमेन्स लँडला गेली होती. आपल्या चौसष्टाव्या वाढदिवशी, फेब्रुवारी १८३१मध्ये, त्याने बेटावर पाऊल ठेवलं. काळी रेषा विरून जेमतेम तीन महिने झाले होते.

पुढच्या वर्षी बेन लोमंड डोंगराच्या उत्तर उतारावर, मिल्स प्लेन्स इथे, त्याला सरकारी जमीन मिळाली. इंग्लंडच्या सरोवरप्रदेशातल्या आपल्या आवडत्या खेड्यावरून त्याने तिचं नाव पॅटरडेल ठेवलं. १८३५मध्ये त्याने आपल्या घराचं आणि बागेचं चित्र काढलं. पुढे इंग्लंडहून आणलेली फुलझाडं ओळीने लावलेली, मागे रानातली निलगिरी. त्याच वर्षीचं ‘माय हार्वेस्ट होम’ : पेंढ्यांनी ओसंडणारी बैलगाडी, कलता सूर्य, शेतात काम करणारी माणसं. ही माणसं म्हणजे सरकारने मजूर म्हणून नेमून दिलेले कैदी. चित्रात मात्र ते तृप्त इंग्लिश कुणबी दिसतात. ग्लोव्हरच्या उजेडाला असं कुणालाही धुऊन काढायची हातोटी होती.

शेजारी होता जॉन बॅटमन. १८३५मध्ये मेलबर्नच्या जागेचा ‘करार’ करून जो पुढे शहराचा संस्थापक म्हणवला गेला, तोच. सप्टेंबर १८२९मध्ये त्याने बेन लोमंडच्या मूळ लोकांच्या तळावर रात्रीच्या वेळी हल्ला केला. जखमी झालेले आणि चालू न शकणारे दोन कैदी आपण गोळी घालून मारले, हे त्याने स्वतःच सरकारला कळवलं. बॅटमनला सोबत घेऊन ग्लोव्हर १८३३मध्ये बेन लोमंड चढला होता, आणि पुढे ‘बॅटमन्स लुकआउट’ नावाचं चित्रही त्याने काढलं. या शेजाऱ्याविषयी त्याचं मत मात्र असं की, आपण पाहिलेला हा सर्वांत नीच माणूस, चोर, लबाड आणि काळ्यांचा मारेकरी. म्हणजे डोंगरउतारावर काय घडलं, हे ग्लोव्हरला पुरतं ठाऊक होतं. त्याच्या चित्रांकडे बघताना हे विसरून चालणार नाही. त्याला भाबडा समजणं ही त्याला दिलेली फुकटची माफी आहे.

मग त्याने हे सुखाचे देखावे का काढले? उत्तर त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. जुलै १८३५मध्ये रॉबिन्सनला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, आकृत्या फार लहान असल्याने चेहरे ओळखू येणार नाहीत. त्याला दाखवायचं होतं ते वेगळंच : गोऱ्यांचा त्रास सुरू होण्यापूर्वी ही माणसं किती मजेत जगत होती ते. कबुली प्रामाणिक आहे. गोऱ्यांनी काहीतरी मोडलं, हे त्यात उघड मान्य केलंय, आणि त्या काळच्या बेटावर असं मान्य करणारे थोडेच होते. पण पत्र कुणाला लिहिलंय ते पाहा. ज्याने ही माणसं गोळा करून बेटाबाहेर काढली, त्यालाच. तीन महिन्यांनी रॉबिन्सन फ्लिंडर्स बेटावर प्रमुख म्हणून रुजू झाला. तिथल्या वायबालेना वसाहतीत त्याने सगळ्यांना युरोपी नावं दिली, कपडे चढवले, प्रश्नोत्तरांतून बायबल पढवलं. टाँगरलाँगेटरचा ‘किंग विल्यम’ झाला. १८३७मध्ये तो तिथेच वारला. ऊझच्या काठावरची नंदनवनी सुट्टी ग्लोव्हरने रंगवली ती त्याच्या पुढच्याच वर्षी.

ग्लोव्हरने मूळ लोक पाहिलेच नव्हते, असंही नाही. होबार्टमध्ये त्याने त्यांचा नाच पाहिला होता, वहीत त्यांची रेखाटनं केली होती. पण मोठ्या कॅनव्हासवर आली ती क्लॉदच्या शाळेतली मांडणी. दोन्ही बाजूंना झाडांची चौकट, मधे पाण्याचा आरसा, मागे धुकट डोंगर, आणि पुढे दोन-चार इवल्या आकृत्या. क्लॉदकडे तिथे ग्रीक पुराणातले धनगर आणि वनदेवता असत. ग्लोव्हरने १८३७मध्ये ‘द बाथ ऑफ डायना, व्हॅन डीमेन्स लँड’ काढलं. त्यात देवी डायना आणि तिच्या सख्यांच्या जागी टास्मानियाच्या बायका स्नानाला उतरल्या आहेत. ही चित्रभाषा मुळातच हरवलेल्या काळाबद्दल बोलणारी. त्यातलं सुख नेहमी होऊन गेलेलं असतं, आणि ते कुणी हिरावलं हा प्रश्न त्यात उठतच नाही. हीच निसर्गचित्रांची फॅशन थोडी आधी आपल्याकडेही येऊन गेली होती. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवणाऱ्या जेम्स वेल्सने वेरूळच्या लेण्यांची चित्रं केली आणि पुढे टॉमस डॅनियलने ती इंग्लंडात छापली. भग्न भव्यतेवर भाळायचं, हा त्या काळचा रिवाजच होता.

माणसाचा चेहरा समोर ठेवणारे चित्रकारही त्याच बेटावर, त्याच वर्षांत काम करत होते. टॉमस बॉक हा कैदी म्हणून आलेला उत्कीर्णक. त्याने ट्रुगानिनी आणि तिचा नवरा वुरेडी यांची जलरंगांत व्यक्तिचित्रं केली. नजरेला नजर देणारे, नाव असलेले चेहरे. बॉकची चित्रं पाहून मग ग्लोव्हरच्या नदीकाठाकडे वळलं की त्या ठिपक्याएवढ्या माणसांना नाव नसणं बोचायला लागतं. मला तरी बोचतं.

ग्लोव्हरने १८३५मध्ये चांगली ६८ चित्रं लंडनला पाठवली आणि न्यू बाँड स्ट्रीटवर ती मांडली गेली. त्या प्रदर्शनाच्या सूचीत त्याने बेटावरच्या झाडांविषयी एक निरीक्षण नोंदवलं. झाडं कितीही असोत, त्यांच्यामधून दूरवरचा मुलूख दिसत राहतो, आणि इंग्लंडातल्या एखाद्या जमीनदाराच्या उद्यानात हाकावी तशी घोडागाडी इथे जवळपास कुठेही हाकता येते. त्याच्या चित्रांतही तसंच आहे. झाडं विरळ, खाली स्वच्छ गवत, झुडपांची गर्दी नाही. ही निसर्गाची देणगी असं त्याला वाटलं. पुढची शंभरेक वर्षं सगळ्यांना तसंच वाटत राहिलं. काहींनी तर ग्लोव्हरला झाडं काढता येत नव्हती, इंग्लिश उद्यान त्याच्या डोक्यातून जात नव्हतं, असाही शेरा मारला.

१९६९मध्ये पुरातत्त्वज्ञ ऱ्हिस जोन्स यांनी हा विचार उलटवला. उद्यान खरंच होतं, आणि त्याला माळीही होते. मूळ लोक जागोजागी, ठरावीक काळाने, हलकी आग लावत. ओलसर दिवस निवडायचा, वारा बघायचा, छोटा तुकडा जाळायचा, शेजारचा तसाच ठेवायचा. जळालेल्या जागी कोवळं गवत फुटतं, त्यावर कांगारू आणि वॉलबी येतात, आणि न जाळलेल्या झाडीच्या कडेला शिकाऱ्याला आडोसा मिळतो. कंदमुळं खणायला जमीन मोकळी राहते, वाट बंद होत नाही, आणि सुकलेला पाला साचून वणवा पेटायची भीती उरत नाही. जोन्स यांनी याला कोलतीची शेती म्हटलं. बिल गॅमेज यांनी २०११च्या ‘द बिगेस्ट इस्टेट ऑन अर्थ’मध्ये हे साऱ्या ऑस्ट्रेलियाला लावून दाखवलं, आणि पुरावा म्हणून वसाहतकाळातल्या निसर्गचित्रांचाच आधार घेतला. आग लावणारे हात नेले, तेव्हा कित्येक ठिकाणी काही दशकांतच झुडपं माजली, गवत मागे हटलं.

हे कळल्यावर ऊझकाठचं चित्र पुन्हा पाहावं. ग्लोव्हरला वाटलं आपण कामधाम नसलेल्या, रानाच्या मांडीवर खेळणाऱ्या लोकांचं सुख रंगवतोय. प्रत्यक्षात चित्रातली प्रत्येक हातभर जागा मोकळी आहे ती त्या लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या राबण्याने. मेंढपाळांनी बळकावलेली कुरणं हीच होती. म्हणजे या लोकांची जमीन गेलीच, पण ती त्यांनी घडवली होती याचं श्रेयही निसर्गाच्या खात्यावर चढवलं गेलं. जमीन कसलेली नाही म्हणून ती कुणाचीच नाही, हा वसाहतीचा आवडता युक्तिवाद, आणि इतकं सुंदर, निरागस चित्र त्या युक्तिवादाला नकळत हातभार लावतं. ग्लोव्हरने नीट पाहिलेलं झाड मात्र त्या युक्तिवादाविरुद्ध साक्ष देतं. त्याने आपल्या कल्पनेपेक्षा डोळ्यावर जास्त विश्वास ठेवला, म्हणून तर हा पुरावा आपल्यापर्यंत आला.

त्याच १८३८ साली त्याने त्याच नदीवरचं आणखी एक चित्र केलं, ‘कावूड ऑन द ऊझ रिव्हर’. तिथे गोऱ्या वसाहतवाल्याचं ठाणं आहे. एका नदीची दोन चित्रं, आधी आणि नंतर. मधलं प्रकरण, बंदुका, भाले, रात्रीचे छापे, जहाज, त्याने कधीच रंगवलं नाही. विकत घेणारे कोण होते हे लक्षात घेतलं तर नवल नाही. कुरणाच्या मालकाला दिवाणखान्यात भिंतीवर टांगायला आधीचं सुखही चालतं, नंतरची समृद्धीही चालते.

ग्लोव्हर डिसेंबर १८४९मध्ये पॅटरडेलला वारला. त्याच्या दोन वर्षं आधी वायबालेना बंद झालं होतं. तिथे आणलेल्या सुमारे दोनशेंपैकी उरलेल्या ४७ जणांना होबार्टच्या दक्षिणेला ऑयस्टर कोव्हमधल्या एका सोडून दिलेल्या कैदखान्यात आणलं गेलं. १८७६मध्ये ट्रुगानिनी गेली, आणि टास्मानियाची मूळ माणसं संपली, असं जगाने जाहीर करून टाकलं. पाठ्यपुस्तकांत शतकभर हेच छापलं गेलं. बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर आणि टास्मानियात त्यांचे वंशज तेव्हाही जगत होते. फॅनी कॉक्रेन स्मिथ या वायबालेनात जन्मलेल्या स्त्रीने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आपल्या भाषेतली गाणी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित करून ठेवली. आजचा पलावा समाज तोच.

ग्लोव्हरचं १८३६चं एक चित्र लाँसेस्टनच्या संग्रहालयात आहे. त्याचं नाव ‘द लास्ट मस्टर ऑफ द टास्मानियन ॲबॉरिजिनीज ॲट रिझ्डन’. जिथे १८०४मध्ये तोफ डागली गेली त्याच काठावर, चित्रकाराच्या मते, त्या लोकांचा शेवटचा मेळा. १९९५मध्ये टास्मानियाच्या संसदेने कायदा करून बारा जागा मूळ समाजाला परत दिल्या. त्यांत ऑयस्टर कोव्ह आहे, आणि रिझ्डन कोव्हही.